ठेकेदार येण्याआधी स्वतःचे रान मोजायला शिका

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे डोंबिवलीला राहतात, मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. वडिलोपार्जित ११ एकर डोंगरउतार, त्यावर रान. सातबारावर सात नावे. वडील होते तोवर दर आठ-दहा वर्षांनी लाकूडवाल्याला 'उक्ते', म्हणजे न मोजता ठोक, देऊन टाकायचे. आता ठेकेदार पुन्हा आला आहे. सगळ्या रानाचा एक आकडा सांगतो आणि वर जेसीबी लावून काजूसाठी जमीन मोकळी करून द्यायचीही तयारी दाखवतो. यांना तोड करायची की नाही ते कळत नाही. मुळात 'आपल्याच रानाबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, हे शिकायचे कुठे' असे ते विचारतात.

शेवटचे वाक्य वाचून बरे वाटले. वीस-बावीस वर्षे रत्नागिरी जिल्ह्यात खाजगी रानवाल्यांबरोबर फिरतो आहे. बहुतेक जण 'किती मिळतील' इथपासून सुरुवात करतात. शिकायचे म्हणणारा मालक विरळा, म्हणून जरा पाल्हाळ लावतो.

आधी ठेकेदाराला एवढेच सांगा, 'शिमग्यानंतर बोलू.' रान कुठे पळून जात नाही. घाई त्याला असते, कारण त्याचे कटरवाले आणि टेम्पो पावसाआधी मोकळे व्हायला हवे असतात. तुमच्यापुढे तशी कुठलीच तारीख नाही.

दुसरी गोष्ट, तुमच्या स्थितीत हजारो लोक आहेत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात सरकारी जंगल फार थोडे. डोंगरावर जे हिरवे दिसते त्यातले बहुतेक कुणाच्या ना कुणाच्या सातबारावर आहे. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, जमिनी कुळांच्या आणि खोतांच्या वारसांत विभागल्या, आणि वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीवर नाचणी-वरी करणे थांबले तसे तिथे रान उठले. शेती करणाऱ्याला सांगायला कृषी सहायक आहे, बागायतदाराला वेंगुर्ल्याचे फळसंशोधन केंद्र आहे. रानाच्या मालकाला मात्र सरकारचा माणूस भेटतो तो परवाना मागताना किंवा गुन्हा दाखल होताना. फिनलंडमध्ये निम्म्याहून जास्त जंगल घरगुती मालकांचे आहे आणि त्यांच्या स्वतःच्या संघटना आहेत, ज्यांचा वनतज्ज्ञ मालकाबरोबर रानात फिरतो. अमेरिकेत १९१४ च्या कायद्याने कृषिविस्तार सुरू झाला, त्यातून पुढे रानमालकांचे वर्गही चालू झाले. आपल्याकडे ती खुर्चीच नाही, त्यामुळे ती जागा ठेकेदाराने घेतली. तोच सांगतो कुठले झाड विकण्याजोगे, कुठले 'फालतू', किती टन निघेल. शिकवणारा आणि विकत घेणारा एकच असला की शिक्षण कसे होणार ते तुम्हीच बघा.

तर पहिला धडा मोजणीचा. त्यासाठी कुठल्याही शिबिराची गरज नाही.

नायलॉनची दोरी घ्या, ५ मीटर ६७ सेंटिमीटर. एक टोक एका माणसाने धरून उभे राहायचे, दुसऱ्याने दोरी ताणून गोल फिरायचे. त्या वर्तुळात बरोबर एक गुंठा येतो. उतारावर दोरी जमिनीला समांतर न धरता आडवी, पाण्याच्या पातळीसारखी धरायची, नाहीतर गुंठा लहान भरतो. वर्तुळातल्या प्रत्येक झाडाचा छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून साडेचार फुटांवर, शिंप्याच्या टेपने घेर घ्यायचा. एक फुटापेक्षा जास्त घेराची झाडे नावासकट वहीत लिहायची. त्याहून बारकी नुसती मोजायची. गुडघ्याएवढी रोपे वेगळी मोजायची, ती विसरू नका, पुढचे रान तेच आहे.

अशी दहा वर्तुळे घ्या. आपल्याला आवडेल तिथे नाही. रानाच्या खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्याकडे तिरके चालत जायचे आणि ठरावीक पावलांनी थांबायचे, मग तिथे काट्याची जाळी असो की मोकळा कातळ. समजा झाडे निघाली १२, ७, १९, ४, १५, ९, २२, ०, ११, ११. बेरीज ११०, सरासरी गुंठ्याला ११, एकरी ४४०, अकरा एकरांत सुमारे ४,८४०. ढोबळ आकडा आहे, पण तुमच्या वडिलांकडे एवढाही नव्हता. आणि त्यातला तो शून्य लक्षात ठेवा. तिथे काय झाले होते, वणवा, गुरे की मागच्या तोडीत टेम्पो वळवायची जागा, हे गावात विचारलेत की रानाचा अर्धा इतिहास कळतो.

हे दोन सकाळींचे काम आहे, चौघे असाल तर. मी सुरुवातीची काही वर्षे हा विषय शाळेच्या वर्गात पडद्यावर चित्रे दाखवून शिकवायचो. जेवणानंतरच्या सत्रात निम्मे लोक डुलक्या घ्यायचे, उरलेले भत्ता कधी मिळणार ते बघत. एका गावात वीज गेली म्हणून नाइलाजाने सगळ्यांना मागच्या डोंगरावर नेले. तिथे एक आजी, जिच्या नावावर एक गुंठाही नव्हता, सालीला नखाने खरवडून वास घेऊन झाडे सांगत होती. ऐन, किंजळ, कुंभा, नाना, असाणा, काजरा. मालक म्हणून सही करणारे तिचे दोन पुतणे वहीत लिहून घेत होते. त्यानंतर पडदा परत उघडला नाही. तुम्ही रानात जाल तेव्हा घरातली किंवा वाडीतली लाकूडफाटा आणणारी बाई बरोबर न्या. सातबारावर ती नसेल, पण रान तिलाच माहीत असते.

आता लाकडाचे माप. आपल्याकडे गोल लाकूड चौथाई घेराने मोजतात: मधल्या घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. समजा ओंडक्याचा घेर ४० इंच आणि लांबी १० फूट. चौथा भाग १० इंच, वर्ग १०० चौरस इंच, गुणिले १० फूट, म्हणजे ६.९४ घनफूट. खरे घनफळ काढले तर ते ८.८४ भरते. म्हणजे मापाच्या रीतीतच शंभरातले साडेएकवीस हिशेबाबाहेर राहतात. ही लबाडी नाही. कापताना साल आणि कडेच्या फळ्या वाया जातात, त्यासाठी जुन्या काळापासून धरलेली सूट आहे. पण 'उक्ते' देणारा मालक ही सूट देतो, वर नजरअंदाजाची सूट देतो आणि जळाऊ म्हणून गेलेल्या गाडीत इमारती लाकूड किती होते हे कधीच विचारत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका रानात तोड झाल्यावर आम्ही खुंट मोजले. मालकाने 'किरकोळ किंजळ' म्हणून दिलेल्या तुकड्यात सहा फुटांवर घेराचे तीन रायवळ आंबे आणि एक फणस गेला होता. ते सौद्यात होते की नव्हते यावर भांडण झाले. कागद नव्हताच, त्यामुळे भांडणही लवकर संपले.

विकायचेच असेल तर मोजून विका. झाडांना गेरूने खूण करा, म्हणजे जी ठेवायची त्यांना. तोडायच्या झाडांना खूण केली की रंगाचा डबा ठेकेदाराकडेही असतो. करार साध्या भाषेत लिहा: कुठली झाडे ठेवायची, गाडी कुठून जाईल, खुंट किती उंच ठेवायचा, पऱ्याच्या (ओढ्याच्या) दोन्ही बाजूंना किती पट्टा सोडायचा, काम कुठल्या तारखेला थांबेल, गडगा (दगडी कुंपण) पाडला तर कोण बांधून देईल.

मात्र त्याआधी कागद बघा. इथे चूक झाली तर रान राहते बाजूला आणि माणूस कोर्टात फिरतो.

सातबाराचे 'इतर हक्क' वाचा आणि जुने फेरफार काढा. तिथे 'खाजगी वन', 'महाराष्ट्र शासन' किंवा भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ चा उल्लेख सापडला तर तिथेच थांबा. ३० ऑगस्ट १९७५ पासून लागू झालेल्या खाजगी वने संपादन कायद्याने अशा जमिनी शासनाकडे गेल्या. ज्यांचे क्षेत्र त्यामुळे १२ हेक्टरांच्या खाली आले त्यांना परत मिळण्याची तरतूद कलम २२-अ मध्ये आहे, पण ती आपोआप होत नाही. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबई परिसरातल्या प्रकरणांत सांगितले की कलम ३५ ची नुसती नोटीस निघणे पुरेसे नाही, ती मालकावर बजावली गेली असली पाहिजे. हा निकाल ऐकून 'मग आपले सुटले' असे परस्पर ठरवू नका. प्रत्येक गटाची कागदपत्रे वेगळी असतात. महसुली कामे करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा.

नोंद स्वच्छ असली तरी झाड तोडायला मोकळीक नाही. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा म्हणजे बिबळा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी आहेत. तुमच्या रानातला मोठा भाग ऐन-किंजळीचाच असणार, तेव्हा वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागेलच, आणि लाकूड हलवायला वाहतूक पास वेगळा. ठेकेदार म्हणतो 'ते सगळे मी बघतो'. बघतो ते तुमच्या सहीने. गुन्हा झाला तर नाव तुमचे. शिवाय सातबारावर काहीही लिहिलेले असो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन ठरते त्याला मालकी न पाहता १९८० चा वनसंवर्धन कायदा लागू होतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी म्हटले. जेसीबी लावून रानाची बाग करायचा प्रस्ताव म्हणूनच तोडीच्या परवानगीपेक्षा वेगळा आणि जास्त नाजूक आहे. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात तर उच्च न्यायालयाच्या आदेशाने वृक्षतोडीवर बंदीच आली. तिकडच्या पाहुण्याचा अनुभव तुमच्या तालुक्याला आणि तुमचा त्याला लावू नका.

आणि सात नावे. सामायिक रानात एकाची सही चालत नाही. बहुतेक घरांत यावर उपाय म्हणून वाटप सुचते. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली अर्ज करायचा आणि मोकळे व्हायचे. शेताला ते ठीक आहे. रानाला मी शक्यतो नको म्हणतो. अकरा एकरांच्या सात उभ्या पट्ट्या पडतात, प्रत्येकाला रस्ता हवा, प्रत्येकाला हद्द दाखवायला चर खणायचा असतो, आणि सातातला एक पट्टा पाच वर्षांत विकला जातोच. त्यापेक्षा नावे तशीच ठेवून घरातल्या घरात एक पानी लेखी ठराव करा: तोड कधी, पैसे कसे वाटायचे, गावात राहणाऱ्या चुलतभावाला राखणीचे किती द्यायचे. शेवटचा मुद्दा लोक विसरतात. मुंबईकरांचा हिस्सा बसून आणि गाववाल्याचा हिस्सा वणवा विझवून, असे असेल तर वणवा विझत नाही.

इतके झाल्यावर रानाकडे या. तुमचे रान हे 'जुने जंगल' नाही. ते खुंटांवरून पुन्हा पुन्हा फुटलेले रान आहे. ऐन, किंजळ, नाना ही झाडे तोडली की बुंध्यातून धुमारे काढतात. मुळे जुनी आणि मोठी असतात, म्हणून पहिल्या दोन वर्षांत धुमारा बियाच्या रोपाला केव्हाच मागे टाकतो. आपल्या आजोबांनी राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, कवळ (डहाळ्या) तोडली, चुलीसाठी फांद्या काढल्या, रान टिकले ते याच गुणावर. पण हा गुण अमर्याद नाही. दर आठ वर्षांनी सगळे सपाट केले, मग वणवा गेला, मग शेळ्या सोडल्या, की खुंट म्हातारे होतात, मरतात, आणि त्यांची जागा घ्यायला बियाचे रोप नसते, कारण बी देणारे मोठे झाड आपणच ठेवलेले नसते. मग उरते रानमोडी आणि घाणेरीसारखे तण. तुमच्या दहा वर्तुळांत फुटापेक्षा कमी घेराची पाच-पाच खोडे एकाच खुंटातून आलेली दिसली आणि बियाची रोपे जवळपास नसली, तर तुमचे रान त्या वाटेवर आहे असे समजा.

अशा रानाला मी काय सांगतो? अकरा एकरांतला तीव्र उतार, पऱ्याचे दोन्ही काठ आणि कातळाची कड आधी बाजूला काढा. तिथे कुऱ्हाड नाही. उरतील सात-आठ एकर. त्यांचे चार तुकडे करा आणि दर चार वर्षांनी एकाच तुकड्यात तोड करा. म्हणजे एका खुंटावर पुन्हा हात पडायला सोळा वर्षे जातात. तोडीच्या तुकड्यातही एकरी निदान वीस-पंचवीस मोठी झाडे ठेवा, एकाच जातीची नव्हेत. दोन-तीन वाळलेली, पोकळ झाडेही असू द्या. तोड थंडीत सुरू करून फेब्रुवारीअखेर संपवा. खुंट जमिनीपासून वीतभर, काप किंचित तिरका म्हणजे पाणी साचत नाही, आणि साल फाटलेली नको, कारण धुमारा सालीच्या आतूनच येतो. कटरवाला कमरेच्या उंचीवर कापतो. त्याला वाकायचे नसते. उंच खुंटावरचे धुमारे वाऱ्याने निखळतात. दुसऱ्या पावसाळ्यानंतर प्रत्येक खुंटावरचे एक-दोन सरळ धुमारे ठेवून बाकीचे कोयत्याने काढा. हे काम कुणी करत नाही, आणि इमारती लाकूड व जळाऊ लाकूड यांतला फरक नेमका याच एका दिवसात पडतो.

बेणणीबद्दल, म्हणजे खालची झुडपे कापण्याबद्दल, जरा सांभाळून. रान 'साफ' दिसावे म्हणून दरवर्षी खालचे सगळे बेणायची आपल्याला खोड आहे. त्यात रानमोडीबरोबर हेळ्याचे (बेहड्याचे), जांभळाचे, बिबळ्याचे रोपही जाते. बेणायचेच तर आधी रोपांना काठी रोवून चिंधी बांधा, मग गड्याला आत सोडा.

वणवा हा तुमचा खरा शत्रू, ठेकेदारापेक्षाही. वनखाते १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरते. वणवा बहुधा सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळी पठारावरून, उतरतो. गवत चांगले यावे म्हणून, काजू गोळा करायला वाट मोकळी व्हावी म्हणून, कधी नुसती विडी. सड्याच्या बाजूने जानेवारीतच तीन मीटर रुंदीची जाळरेषा काढा: गवत कापा, ओढून मध्ये आणा, सकाळी दव असताना चौघांच्या देखरेखीत जाळा. शेजाऱ्याला आधी सांगा. शेजाऱ्याची आणि तुमची रेषा एकच झाली तर खर्च निम्मा होतो, आणि तो तुमच्या रानाकडे बघू लागतो ते वेगळेच.

आता काजू. मी काजूच्या विरोधात नाही; माझी स्वतःची कलमे आहेत, वेंगुर्ला ४ आणि ७. १९९० नंतर रोजगार हमीतून फळबाग योजना आली आणि कोकणातल्या कित्येक घरांना त्या काजू-आंब्याने उभे केले, हे नाकारून चालणार नाही. पण त्याच योजनेच्या काळापासून उताराचे रान म्हणजे 'पडीक' असे आपल्या डोक्यात बसले. ७ बाय ७ मीटरवर एकरी सुमारे ८० कलमे बसतात. त्यांना खड्डे, माती, खत, पहिली तीन वर्षे पाणी, मोहोराच्या वेळी फवारणी आणि जानेवारी ते मे हजर माणूस लागतो. तुमच्या घरात तो माणूस कोण आहे, हे आधी ठरवा. डोंबिवलीहून काजू होत नाही. जेसीबीने खुंट उपटलेल्या उतारावर पहिल्या दोन पावसाळ्यांत माती पऱ्यात जाते, आणि खालच्या विहिरीचे पाणी एप्रिलपर्यंत टिकायचे ते मार्चलाच तळ दाखवते. हे मी आकडेवारीने सांगत नाही. त्या विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांनी सांगितलेले सांगतो. रस्त्यालगत सपाटीचा एक-दोन एकर उघडा, आधीच झाड नसलेला तुकडा असेल तर तिथे काजू लावा. बाकीच्याला हात लावू नका.

मग रान काय देणार? खरे सांगायचे तर काजूइतके नाही देणार. पण मागणारही नाही. कडेने, गडग्यालगत माणग्याची बेटे लावा. हा भरीव, बिनकाट्याचा बांबू सिंधुदुर्गात घरोघरी आहे. २०१७ मध्ये वन अधिनियमातल्या 'वृक्ष' या व्याख्येतून बांबू वगळला गेल्यापासून तोडीचे सोपस्कारही हलके झाले. तीन वर्षांच्या काठ्या काढा, कोवळ्या राखा, पावसाळ्यात बेटाला हात नको. खैर असेल तर त्याची किंमत ओळखा. कात त्याच्या लाल गाभ्यातून निघतो. बारीक खोडात नुसते पांढरे लाकूड असते, आणि तरीही ठेकेदार ते 'सरसकट' मध्ये नेतो. तिरफळ असेल तर बांगड्याचे कालवण करणाऱ्याला त्याचा भाव सांगायला नको. रातांबा, शिकेकाई, वावडिंग, रायवळ आंबा हे सगळे घरच्या माणसांनी गोळा केले तरच परवडते.

आणि हेळा, म्हणजे बेहडा. लाकूड म्हणून त्याला कुणी विचारत नाही, त्यामुळे 'फालतू' म्हणून तो पहिला जातो. पण त्याचे फळ त्रिफळ्यातले एक आहे, आणि त्याच्या जुन्या ढोलीत धनेश घरटे करतो. मादी स्वतःला आत चिणून घेते, नर फटीतून फळे भरवतो, आणि ढोली पसंत पडली की जोडी वर्षानुवर्षे तिथेच येते. पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था तुमच्याच भागात, देवरुखच्या बाजूला, खाजगी मालकांशी रान राखण्याचे करार करते. याच बेहड्याची फळे झाड न दुखावता गोळा करून 'फेअरवाइल्ड' प्रमाणपत्राखाली विकण्याचे कामही तिने उभे केले. सगळ्यांना ते जमेल असे नाही, करारात मालकाचे हातही बांधले जातात. पण जाऊन बघण्यासारखे नक्की आहे. ठेकेदार सोडून दुसरे कुणीतरी तुमच्या रानाला किंमत सांगते आहे, हे एकदा कानाने ऐका.

शिकायचे कुठे, याचे उत्तर राहिलेच. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनशास्त्र महाविद्यालय आहे. तिथल्या प्राध्यापकांना नेमका प्रश्न घेऊन भेटा. 'रानाचे काय करू' असे विचारलेत तर पुस्तिका मिळेल. 'गुंठ्याला अकरा झाडे आहेत, आठ किंजळीची, बियाची रोपे तीन' असे सांगितलेत तर माणूस खुर्ची पुढे ओढतो. बांबूसाठी कुडाळचे कॉनबॅक हे बांबू विकास केंद्र आहे. रोपांसाठी सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिका आहेत. तिथे अकेशिया गळ्यात मारतील, नको म्हणा. तुमच्या रानाला बहुतेक ठिकाणी रोपे लावायची गरजच नसते, असलेली राखायची असतात. आणि गावची देवराई बघा. नवस फेडायला जातो तसे जाऊ नका. दोरी घेऊन जा आणि गुरवाला विचारून एक वर्तुळ तिथे मोजा. तोच डोंगर, तीच माती, तोच पाऊस. तुमच्या रानातल्या आणि देवराईतल्या वर्तुळाची वही शेजारी ठेवलीत की माझ्या वीस वर्षांच्या बोलण्यापेक्षा जास्त कळेल.

प्रशिक्षण देणाऱ्यांनाही मी एक सांगत आलो आहे: रानमालकांचा वर्ग ऑगस्टमध्ये तालुक्याच्या सभागृहात मंगळवारी भरवला तर तिथे मालक नसतो, त्याचा चुलता असतो. मालक गावात दोनदाच येतो, शिमग्याला आणि गणपतीत. शिमग्याला पानगळ झालेली असते, खोडे आणि जुने खुंट स्पष्ट दिसतात, हद्दीवरून फिरता येते. झाडमोजणी तेव्हाच. गणपतीत पाऊस असतो, पण रोपे ओळखायची, रानमोडी मुळासकट उपटायची, पऱ्याला पाणी कुठून येते ते बघायचे, हे तेव्हाच जमते. सातही हिस्सेदार एका घरात असतात हे आणखी एक.

तेव्हा या शिमग्याला पालखी नाचवून झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी सातला निघा. दोरी, टेप, वही, गेरू, कोयता, पाणी. ऊन चढायच्या आत सहा वर्तुळे होतात, उरलेली चार दुसऱ्या दिवशी. पायात बूट घाला, काजऱ्याची फळे विषारी, ती मुलांच्या हाती लागू देऊ नका. वही भरली की मला कळवा, विशेषतः शून्य कुठे आले ते. ठेकेदार त्या आठवड्यात वाडीत येईलच. त्याला आकडा विचारण्याआधी तुमच्या रानात किंजळ किती आहेत ते विचारा.